फोर्थ भाषेची कुळकथा

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वैशाखरें गांवाच्या बाजूनें नाणेघाटाची जुनी पायवाट सह्याद्रीवर चढूं लागते. कोंकणच्या बंदरांतून देशावर जाणाऱ्या मालाची ही एके काळची राजवाट. घाटाच्या माथ्यावर एक लेणें आहे, आणि त्याच्या भिंतींवर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेला सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञप्रसंगीं दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणीं ह्यांची गणती त्यांत आहे. आपल्या देशांतील अंकचिन्हांचे जे अगदीं जुने नमुने उपलब्ध आहेत, त्यांत ह्या लेखाची गणना होते. ह्या अंकांत शून्य नाहीं. परंतु ज्यानें ते योजिले त्यानें एक युक्ति केली आहे. शंभरासाठीं एक खूण आहे, चारासाठीं एक खूण आहे. चारशें लिहावयाचे झाले म्हणजे शंभराच्या खुणेला चाराची खूण जोडावयाची. हजाराच्या खुणेला तीच चाराची खूण जोडली कीं झाले चार हजार. मूठभर खुणा आणि त्या जोडण्याचा एक नियम, एवढ्या भांडवलावर राणीच्या दक्षिणेचा सारा हिशेब उभा राहिला आहे.

आज मला ज्या भाषेची कुळकथा सांगावयाची आहे, ती ह्याच जातीची आहे. तिचें नांव फोर्थ. मनुष्यांनीं परस्परांशीं बोलण्याची ही भाषा नव्हे. मनुष्यानें संगणकाला काम सांगण्याची ही भाषा आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलखांत तिचें नांव फारसें कोणीं ऐकलेलें नसेल. तरी ती ह्या मुलखाच्या वेशीपर्यंत एकदां येऊन गेली आहे, आणि आपल्याकडून ती ओळखावयाची राहिली. तें कसें घडलें, आणि तिची ओळख आजही किती थोड्या खर्चांत करून घेतां येते, एवढेंच सांगण्याचा माझा हेतु आहे.

फोर्थचा जन्म आकाशाच्या अभ्यासापोटीं वाढीस लागला, म्हणून आधीं आकाशाकडे पाहूं. मुरबाडचीं माणसें आगगाडी धरण्यास ज्या कल्याणला जातात, त्या कल्याणला १९६५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें एक रेडिओ-दुर्बीण उभारली. डॉ. गोविंद स्वरूप हे तिचे प्रवर्तक. ऑस्ट्रेलियांतून भेटीदाखल मिळालेल्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या रांगेनें मांडून त्या सूर्याकडे रोखल्या होत्या. साध्या दुर्बिणीला डोळा लावला कीं ग्रह दिसतो. रेडिओ-दुर्बिणीला डोळा लावून कांहींच दिसत नाहीं. तिच्यांत येतो तो केवळ एक क्षीण विद्युत्संदेश. तो मोजावा, नोंदावा, त्याचें गणित करावें, तेव्हां आकाशांतील एखादी गोष्ट हातीं लागते. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळें दुर्बिणीची दिशाही क्षणोक्षणीं सांभाळावी लागते. कल्याणच्या दुर्बिणीवर फोर्थ नव्हती. ती भाषा तेव्हां जगापुढें आलीही नव्हती. परंतु ज्या अडचणीनें तिला पुढें आणलें, ती अडचण हीच.

चार्ल्स मूर हा अमेरिकन गृहस्थ १९३८ सालीं जन्मला. जेथें जेथें त्यानें नोकरी केली, तेथें तेथें तो आपल्या सोयीच्या कांहीं आज्ञा बरोबर नेई, आणि सुतारानें नव्या घरीं जातांना आपलीं हत्यारें न्यावीं त्याप्रमाणें नव्या यंत्रावर त्या पुन्हा बसवी. त्या काळीं संगणकाला काम सांगणें म्हणजे परगांवीं पत्र धाडून उत्तराची वाट पाहण्यासारखें होतें. भोंकें पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रशाळेंत द्यावा, आणि कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, छापील निकाल घ्यावा. मध्येंच एखादा स्वल्पविराम चुकला असला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. मूरला यंत्राशीं समोरासमोर संभाषण हवें होतें. १९६८च्या सुमारास आय. बी. एम. ११३० ह्या यंत्रावर काम करीत असतां त्याच्या आज्ञांच्या संग्रहाला भाषेचें रूप आलें. पुढील, म्हणजे चौथ्या पिढीच्या संगणकांना शोभेल अशी ही भाषा, ह्या विश्वासानें ‘चौथी’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यानें तिच्यासाठीं निवडला. परंतु त्या यंत्राला पांच अक्षरांहून लांब नांव चालत नसे, आणि तो शब्द सहा अक्षरांचा. एक अक्षर गाळलें, आणि नांव झालें फोर्थ. योगायोग असा कीं उरलेल्या शब्दाचा इंग्रजींत अर्थ होतो ‘पुढें’.

१९७१ सालीं ॲरिझोना संस्थानांतील किट पीक ह्या डोंगरावर, राष्ट्रीय रेडिओ-ज्योतिष वेधशाळेच्या छत्तीस फुटी रेडिओ-दुर्बिणीवर मूरनें ही भाषा चालती केली. दुर्बीण वळविणें, संदेश नोंदणें आणि वेध चालू असतांनाच त्याचें चित्र ज्योतिष्यापुढें मांडणें, हीं सर्व कामें लहानशा संगणकांकडून ती करून घेऊं लागली. ती व्यवस्था संभाळण्यासाठीं एलिझाबेथ रॅदर ह्या बाईंची नेमणूक झाली. मूरनंतर ह्या भाषेंत निष्णात झालेली पहिली व्यक्ति त्याच. १९७३ सालीं ह्या मंडळींनीं स्वतःची कंपनी काढली, आणि १९७६ सालीं आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघानें वेधशाळांच्या कामासाठीं फोर्थला मान्यता दिली. पुढें २०१४ सालीं ‘फिले’ नांवाचें यान एका धूमकेतूवर उतरलें, तेव्हां त्याच्यावरील कारभार पाहणारे संगणकही फोर्थसाठींच घडविलेल्या जातीचे होते.

आतां ह्या भाषेची रचना पाहूं. तिच्यांत मुख्य वस्तु दोन: एक शब्दकोश आणि एक चवड. चवड म्हणजे आपण भाकऱ्यांची रचतों तशीच. शेवटीं ठेवलेली भाकरी वर असते आणि तीच प्रथम उचलली जाते. आपण एखादा आंकडा लिहिला कीं यंत्र तो चवडीवर ठेवतें. एखादा शब्द लिहिला कीं तें कोश उघडून पाहतें. शब्द सांपडला तर त्याप्रमाणें वागतें, न सांपडला तर तो आंकडा आहे काय हें पाहतें, आणि तोही नसला तर हा शब्द मला ठाऊक नाहीं असें प्रामाणिकपणें सांगून थांबतें. दोन आणि तीन ह्यांची बेरीज हवी असेल तर शाळेंत शिकविल्याप्रमाणें अधिकचें चिन्ह मध्यें घालावयाचें नाहीं. दोन, तीन, आणि मग अधिक, असें लिहावयाचें. इंग्रजी बोलणाऱ्याला हें उफराटें वाटतें. आपल्याला तसें वाटण्याचें कारण नाहीं. ‘दोन नि तीन मिळव’, ‘ताट वाढ’, ‘दिवा लाव’: मराठी वाक्यांत वस्तु आधीं येतात आणि क्रियापद शेवटीं येतें. जपानी भाषेचीही ठेवण अशीच आहे, आणि तेथें १९८५च्या सुमारास फोर्थच्याच पायावर ‘माइंड’ नांवाची, जपानी शब्दांत लिहावयाची भाषा तयारही झाली.

कोशांत नवा शब्द घालण्याची रीति त्याहून सोपी आहे. प्रथम अपूर्णविराम, मग नवें नांव, मग त्याचा अर्थ आधीं ठाऊक असलेल्या शब्दांत, आणि शेवटीं अर्धविराम. त्या क्षणापासून तो शब्द भाषेचा झाला. मूरच्या स्वतःच्या शब्दांत आणि तुमच्या शब्दांत यंत्र कसलाही पंक्तिप्रपंच करीत नाहीं. यंत्राच्या पोटांत नव्या शब्दाचा अर्थ म्हणून केवळ आधींच्या शब्दांच्या पत्त्यांची एक यादी ठेवलेली असते. यादींतील पहिल्या पत्त्यावर जावें, तेथें सांगितलेलें काम करावें, परत येऊन दुसऱ्या पत्त्यावर जावें, असा हा टपालवाल्यासारखा क्रम. पत्त्यामागून पत्ता शोधीत गेलें म्हणजे शेवटीं अशा थोड्याशा मूळ शब्दांपाशीं आपण पोंचतों, कीं जे प्रत्यक्ष त्या यंत्राच्या स्वतःच्या बोलींत लिहिलेले असतात. नव्या जातीच्या संगणकावर फोर्थ बसवावयाची म्हणजे मुख्यतः हे मूळ शब्द त्याच्या बोलींत पुन्हा लिहावयाचे. बाकीचा वाडा त्यांच्यावर आपोआप उभा राहतो.

ह्यामुळेंच ही भाषा घरोघर बांधली गेली. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत फोर्थच्या चाहत्यांनीं एक मंडळ स्थापिलें, आणि निरनिराळ्या लहान संगणकांसाठीं सबंध भाषेचा मजकूर छापून अल्प किंमतींत विकावयास आरंभ केला. लोक तो कागद पुढ्यांत ठेवून ओळीमागून ओळ आपल्या यंत्रांत उतरवून घेत. एवढी सबंध भाषा आठ-दहा हजार अक्षरांच्या जागेंत मावे. आज आपण खिशांतील फोनवरून जें एक छायाचित्र पाठवितों, त्याला ह्याच्या शेंकडों पट जागा लागते. १९८२ सालीं इंग्लंडांत ‘ज्युपिटर एस’ नांवाचा एक घरगुती संगणक निघाला, त्याची तर उपजत भाषाच फोर्थ होती.

मग ही भाषा सर्वत्र कां पसरली नाहीं? तिचा गुण हाच तिचा दोषही ठरला. ज्याला त्याला आपले शब्द घडवितां येत असल्यामुळें प्रत्येकाची फोर्थ निराळी झाली, आणि एकाचें लिखाण दुसऱ्याला वाचवेना. १९७९, १९८३ आणि १९९४ सालीं प्रमाण रूपें ठरविण्यांत आलीं, तरी ही भाषा मुळांतच एकट्या कारागिराची. शिवाय ती चूक करणाऱ्याला अडवीत नाहीं. चुकीच्या पत्त्यावर लिहा म्हटलें तर ती लिहिते, आणि सारें यंत्र निमूटपणें बंद पडतें. मोठमोठ्या कचेऱ्यांना शेंकडों माणसांकडून एकत्र काम करून घ्यावयाचें असतें. त्यांनीं दुसऱ्या भाषा पत्करल्या, ह्यांत नवल नाहीं.

तरीही एका ठिकाणीं ती टिकली, आणि तें ठिकाण असें कीं जेथें कोणाची नजर जात नाहीं. संगणक चालू होतो तेव्हां पडद्यावर कांहीं दिसूं लागण्यापूर्वीं आंतल्या आंत एक लहानशी व्यवस्था जागी होते. ती आपले भाग तपासते आणि मग मोठ्या व्यवस्थेला हांक मारते. मिच ब्रॅडली ह्या अमेरिकन तंत्रज्ञानें १९८८च्या सुमारास सन कंपनीच्या संगणकांसाठीं ही पहांटेची व्यवस्था फोर्थमध्यें लिहिली. १९९४ सालीं तिला प्रमाणग्रंथाचें रूप मिळालें, आणि ‘ओपन फर्मवेअर’ ह्या नांवानें ती अॅपल कंपनीच्या संगणकांतही गेली. पुढें ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही योजना निघाली. तिच्यासाठीं बनविलेल्या हिरव्या-पांढऱ्या छोट्या संगणकांत ब्रॅडलीनेंच फोर्थ घातली.

हे हिरवे-पांढरे संगणक २००७ सालीं महाराष्ट्रांत आले ते रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, खैराट-धनगरवाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत. मुरबाड तालुक्याची दक्षिण शीव कर्जत तालुक्याला लागते, म्हणजे हें अगदीं शेजारघरच. एक शिक्षक आणि पहिली ते चौथीचीं वीस-बावीस मुलें, एवढीच ती शाळा. मुलें त्या यंत्रांवर चित्रें काढीत, लिहीत, छायाचित्रें घेत. वर्तमानपत्रांतून त्याचें कौतुकही झालें. ह्या जातीचें यंत्र सुरूं होतांना, त्याला कुलूप घातलेलें नसेल तर, एक विशिष्ट कळ दाबली कीं पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरें उमटतात: ‘ओके’. सांगा, मी ऐकतों आहें, असा त्याचा अर्थ. किट पीकच्या ज्योतिष्याला यंत्र जो शब्द म्हणे, तोच हा शब्द. ब्रॅडलीनें मुलांसाठीं फोर्थचे धडेही लिहिले होते. पण ते इंग्रजींत. पहिली-दुसरींतील मुलांना त्यांचा काय उपयोग? दुर्बिणी चालविणारी भाषा डोंगराच्या कुशींतील एका वाडीवर मुलांच्या मांडीवर येऊन बसली होती, आणि तिची मराठींत ओळख करून देणारें कोणी तेथें नव्हतें. यंत्र देणाऱ्यांना मीं ह्याचा दोष देत नाहीं. तो आपल्यासारख्या, चार बुकें शिकून शहरांत राहणाऱ्या मराठी माणसांचा आहे, आणि त्यांत मीही आलों.

ह्या जाणिवेनेंच म्हणा, गेल्या पावसाळ्यांत शहापुरास एक प्रयोग केला. एका कचेरीनें मोडींत काढलेला टेबलावरचा संगणक स्वस्तांत मिळाला. त्याच्यावर लिनक्स ही मोफत व्यवस्था बसविली. माझ्याबरोबर मुरबाडकडचा, अकरावींत शिकणारा, नात्यांतील एक मुलगा होता. ‘जीफोर्थ’ नांवाची फोर्थ मोफत मिळते. ती आयती घेतां येते, किंवा मूळ मजकुरापासून स्वतः बांधतां येते. आम्हांला अर्थात् बांधावयाची हौस. ताजा मजकूर उतरवून घेतला, बांधण्याची आज्ञा दिली, आणि यंत्र अडून बसलें. सारी संध्याकाळ गेली तेव्हां उलगडा झाला: हा ताजा मजकूर बराचसा फोर्थमध्येंच लिहिलेला असल्यामुळें तो बांधण्यास आधींची एक चालती जीफोर्थ लागते. मुलगा हंसून म्हणाला, “काका, दहीं लावायला आधीं दह्याचं विरजण हवं, तसंच कीं हें!” मीं इतका वेळ ज्याला शास्त्रांतील गूढ समजत होतों, तें त्यानें आपल्या आईच्या शिंक्यावर शोधून काढलें. आयती मिळणारी जुनी जीफोर्थ आधीं बसविली, तिचें विरजण लावून नवी बांधली, आणि दिवेलागणीच्या सुमारास पडद्यावर तोच शब्द आला: ओके.

फोर्थला शब्दाच्या लिपीचें सोयरसुतक नाहीं. मध्यें जागा सोडली नाहीं म्हणजे कोणताही अक्षरसमूह शब्द होऊं शकतो. तेव्हां मीं त्याला आपलें जुनें धान्यमाप घालावयास सांगितलें. त्यानें तीन ओळी लिहिल्या. अंक मात्र यंत्राला इंग्रजी वळणाचे द्यावे लागतात, येथें ते आपल्या वळणानें छापले आहेत:

: पायली ४ * ;
: मण १२ * पायली ;
: खंडी २० * मण ;

पायलीचे शेर चार. बारा पायलींचा मण. वीस मणांची खंडी. मग त्यानें ‘२ मण ३ पायली +’ असें लिहून उत्तर विचारलें, आणि यंत्रानें सांगितलें १०८ शेर. एका खंडीचे शेर विचारले. उत्तर आलें ९६०. दुसऱ्या दिवशीं त्यानें फोनवरून आपल्या आजोबांना ही वार्ता सांगितली. म्हातारा भातशेतकरी. ते म्हणाले, “बारा पायलींचा मण तुमच्या पुस्तकांत. आमच्या खळ्यावर मण सोळा पायलींचा.” मुलानें लगेच मण ह्या शब्दाचा अर्थ बाराऐवजीं सोळा असा पुन्हा लिहिला. एका मणाचे शेर आतां ६४ आले. पण खंडी विचारली तर पुन्हा ९६०च! त्याला वाटलें यंत्र चुकलें.

यंत्र चुकलें नव्हतें. खंडी हा शब्द ज्या वेळीं बांधला गेला, त्या वेळीं त्याच्या यादींत जुन्या मणाचा पत्ता लिहिला गेला होता. नवा मण कोशांत आला तरी जुना नाहींसा होत नाहीं. त्याच्यावर बांधलेले शब्द त्यालाच धरून राहतात. खंडी हा शब्द पुन्हा बांधला तेव्हां उत्तर आलें १२८०. ऐतिहासिक कागद वाचणाऱ्याला हा अनुभव नवा नाहीं. जुन्या दफ्तरांतील खंडी कोणत्या मणाची, हें तो कागद ज्या गांवीं आणि ज्या काळीं लिहिला गेला, त्यावरून ठरवावें लागतें; आजचा मण लावून तिचा हिशेब केला तर तो फसतो. शब्दाला जन्मवेळ असते, हें मुलाला त्या सायंकाळीं यंत्रानें शिकविलें, आणि तें यंत्राला त्याच्या आजोबांच्या खळ्यावरून कळलें.

फोर्थ शिकून कोणाला नोकरी लागेल असें आश्वासन मी देत नाहीं. परंतु आज खेड्यांतील मुलाच्या हातीं जें यंत्र पडतें, तें बहुधा तोंड शिवलेल्या पोत्यासारखें असतें. आंत काय आहे तें पाहूं नये, वरची कळ दाबावी, एवढीच त्याची शिकवण. फोर्थ ही अशी एक व्यवस्था आहे कीं जी एका मनुष्याला तळापासून माथ्यापर्यंत समजूं शकते, आणि जिच्यांत त्याला आपल्या गांवचे शब्द घालतां येतात. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या शाळेंत असा जुना संगणक कोपऱ्यांत धूळ खात पडला असेल. तो चालता करण्यास एक सायंकाळ लागते, थोडें विरजण लागतें, आणि शेजारीं बसून मराठींत सांगणारें एक माणूस लागतें. पहिल्या दोन गोष्टी फुकट मिळतात.

त्या मुलानें आतां कोशांत पायलीखालील मापें घालावयास घेतलीं आहेत. अधोली, चिपटें, निठवें. कोणतें कशाच्या किती पट, हें त्याला नीट ठाऊक नाहीं, मलाही नाहीं. म्हणून पुढल्या रविवारीं तो आजोबांकडे जाणार आहे, वही घेऊन.